'ईच अदर' हा कर्ता का होत नाही? नववीच्या वहीतून आलेला प्रश्न

खडूफळा – प्रश्न

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या मुलांना शेजारधर्म या विषयावर आठ-दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. वह्या तपासताना एका मुलीचे वाक्य समोर आले: 'ईच अदर शुड हेल्प ईच अदर.' मी सवयीप्रमाणे लाल रेघ मारली आणि वर 'वुई शुड हेल्प ईच अदर' असे लिहून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घेऊन शिक्षकखोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, 'एकमेकांनी एकमेकांना मदत करावी' हे मराठीत बरोबर आहे ना? मग इंग्रजीत पहिले 'एकमेकांनी' का चालत नाही?"

मी तिला 'इंग्रजीत तशी पद्धत नाही' एवढेच सांगितले. तिने मान डोलावली आणि ती गेली, पण आपण तिला उत्तर दिलेले नाही, फक्त परत पाठवले आहे, हे मला त्याच क्षणी जाणवले. तिने केलेली चूक आळसाची नव्हती. तिने मराठीतले एक निर्दोष वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेले होते, आणि ते तिथे का मोडले हे तिला समजून घ्यायचे होते.

याच्या जोडीला आणखी दोन शंका आहेत. आमच्याकडे वापरात असलेल्या एका मार्गदर्शकात असा नियम दिला आहे की दोघांसाठी 'ईच अदर' आणि दोघांपेक्षा अधिक जणांसाठी 'वन अनदर' वापरावे. मागच्या चाचणीत या नियमावर एक गुण होता आणि एका मुलाने तिघा मित्रांबद्दल 'ईच अदर' लिहिल्यामुळे त्याचा तो गुण गेला. हा नियम खरोखर पाळला जातो का? दुसरे असे की, मराठी व्याकरणात आपण सर्वनामांचे सहा प्रकार शिकवतो: पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, सामान्य आणि आत्मवाचक. यांत 'एकमेक' कोठे बसवायचे? मुलांना मराठीचा आधार देऊन इंग्रजी समजावायचे म्हटले, तर मराठीतच या शब्दाला नाव नाही असे दिसते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी वही – उत्तर

बाई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे खरे उत्तर इंग्रजीइतकेच मराठीतही दडलेले आहे, म्हणून आधी मराठीकडे वळतो.

'एकमेक' हा शब्द विभक्तीत चालवून पाहावा. एकमेकांना, एकमेकांनी, एकमेकांशी, एकमेकांहून, एकमेकांचा, एकमेकांत, ही सगळी रूपे आपण रोज वापरतो. आता प्रथमा घ्यावी. 'एकमेक मदत करतात' किंवा 'एकमेक बाजारात भेटले' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे ज्या विभक्तीत आपण सरळ कर्ता ठेवतो, त्या प्रथमेत हा शब्द मराठीतही उभा राहत नाही. या बाबतीत मराठी आणि इंग्रजी एकाच बाजूला आहेत, आणि मुलीला सर्वांत आधी हे दाखवावे असे मला वाटते, कारण त्यामुळे 'इंग्रजीची विचित्र पद्धत' ही भावनाच जाते.

मग 'एकमेकांनी एकमेकांना मदत करावी' हे वाक्य बरोबर कसे? ते बरोबर आहे, याचे कारण मराठीच्या एका खास सोयीत आहे. विध्यर्थी वाक्यात आणि सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मराठी कर्त्याला तृतीयेत नेते: 'मुलांनी अभ्यास करावा', 'मुलांनी अभ्यास केला'. कर्ता तृतीयेत जाण्याची ही वाट उघडी असल्यामुळे 'एकमेकांनी' हे रूप तिथे शिरू शकते, आणि खरा कर्ता, म्हणजे 'आपण', 'लोकांनी', 'शेजाऱ्यांनी' यांपैकी जो असेल तो, अध्याहृत राहतो. इंग्रजीत ही वाट नाही. 'शुड' असो वा 'हेल्प्ड' असो, इंग्रजी वाक्याचा कर्ता क्रियापदाच्या आधी सरळ रूपातच उभा राहतो. तो गाळता येत नाही आणि दुसऱ्या विभक्तीत झाकताही येत नाही. त्यामुळे मराठीत मागे लपलेला 'आपण' इंग्रजीत 'वुई' होऊन पुढे यावाच लागतो. आपण मारलेली दुरुस्ती नेमकी हेच करते.

माझा असा अंदाज आहे की आपण वह्या पुन्हा चाळल्यात, तर ही चूक 'शुड', 'मस्ट' यांच्या वाक्यांत आणि भूतकाळाच्या वाक्यांत सापडेल. वर्तमानकाळाच्या साध्या वाक्यात ती सहसा सापडणार नाही, कारण तिथे मराठीतच 'एकमेक' हा कर्ता होत नाही. ज्या मुलाला मराठी पक्के येते, तोच ही चूक करतो, आणि हे त्याला सांगायलाही हरकत नाही.

आता इंग्रजीची बाजू. आज 'ईच अदर' हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो आणि ते एकच सर्वनाम मानतो, पण मुळात ते दोन स्वतंत्र शब्द होते आणि त्यांची कामेही वेगळी होती. 'ईच' म्हणजे प्रत्येक जण, हा करणारा. 'अदर' म्हणजे दुसरा, हा ज्याच्यावर क्रिया होते तो. 'त्यांनी मदत केली, प्रत्येकाने दुसऱ्याला' अशी ती जुनी रचना होती. याच कारणाने शब्दयोगी अव्यय पूर्वी दोहोंच्या मध्ये येत असे. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'वन टू अनदर', 'वन ऑफ अनदर' अशा रचना आढळतात. आज आपण 'टू वन अनदर' म्हणतो. हळूहळू दोन्ही शब्द चिकटले आणि अव्यय बाहेर सरकले. मात्र जोडशब्दाच्या पोटात करणारा आणि झेलणारा असे दोघेही बसलेले आहेत, ही गोष्ट राहिलीच. ज्याच्या पोटात 'प्रत्येक जण' आधीच आहे, त्याला 'कोणांपैकी प्रत्येक जण?' या प्रश्नाचे उत्तर वाक्यात आधी मिळालेले असावे लागते. 'वुई शुड हेल्प ईच अदर' यात 'ईच' हा 'वुई'कडे बोट दाखवतो. 'ईच अदर शुड हेल्प ईच अदर' यात पहिल्या 'ईच'ने कोणाकडे बोट दाखवायचे?

येथून तीन गोष्टी आपोआप निघतात आणि त्या पाठ कराव्या लागत नाहीत. ज्याच्याकडे बोट दाखवायचे, तो शब्द अनेकवचनी हवा, कारण एकट्याला 'दुसरा' नसतो. तो त्याच उपवाक्यात हवा. 'द बॉइज थिंक दॅट ईच अदर आर क्लेव्हर' हे चालत नाही, कारण 'दॅट'च्या पुढे नवे उपवाक्य सुरू होते आणि तिथे 'ईच अदर' पुन्हा कर्त्याच्या जागी एकटा पडतो. आणि तो शब्द स्वतः दुसऱ्या नामाला जोडलेला नसावा. 'द बॉइज टीचर प्रेज्ड ईच अदर' या वाक्यात मुले अनेक असली तरी कर्ता आहे एकटा शिक्षक, म्हणून वाक्य मोडते. वर्गातल्या मुलांकडून घडणारी आणखी एक चूक म्हणजे 'ईच स्टुडंट हेल्प्ड ईच अदर'. येथे 'प्रत्येक' दोनदा झाला. एक तर 'द स्टुडंट्स हेल्प्ड ईच अदर' म्हणावे, नाही तर 'ईच स्टुडंट हेल्प्ड दी अदर्स'.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा, नाही तर एखादे हुशार मूल आपल्याला अडवील. 'दे वॉन्ट ईच अदर टू विन' हे वाक्य बरोबर आहे. त्याचे मराठी 'एकमेकांनी जिंकावे असे त्यांना वाटते' असे होईल, म्हणजे अर्थाने पाहिले तर जिंकणारे एकमेकच आहेत. पण इंग्रजीत हे सर्वनाम 'वॉन्ट'च्या नंतर, कर्माच्या जागी आले आहे आणि त्याच्या आधी 'दे' उभा आहे, म्हणून ते चालते. तेव्हा नियम 'करणारा असू नये' असा नसून 'कर्त्याच्या जागी बसू नये' असा आहे.

सहा प्रकारांबद्दल: ती यादी शालेय सोयीसाठी आहे आणि 'एकमेक' तिच्यात खरोखर बसत नाही. आत्मवाचकाचा तो शेजारी आहे, पण आत्मवाचक नव्हे. 'त्यांनी स्वतःला दोष दिला' आणि 'त्यांनी एकमेकांना दोष दिला' यांतला फरक कोणत्याही मुलाला कळतो, आणि इंग्रजीतला 'देमसेल्व्ह्ज' व 'ईच अदर' यांतला फरक अगदी तोच आहे. आपण वर्गात 'परस्परवाचक सर्वनाम' असे नाव देऊन सातवा प्रकार फळ्यावर लिहावा. त्यात काही अशास्त्रीय होणार नाही.

अनुस्वार – उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे. मी केवळ दोन आणि दोघांपेक्षा अधिक या नियमाबद्दल लिहितो, कारण त्या मुलाचा गेलेला गुण मला अस्वस्थ करतो.

हा नियम इंग्रजी भाषेच्या वापरातून उगवलेला नाही. तो व्याकरणकारांनी अठराव्या शतकात मांडला. १७८५ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी व्याकरणात तो दिसतो. त्या आधी आणि त्या नंतरही चांगले लेखक दोन्ही शब्द दोघांसाठी आणि अनेकांसाठी सर्रास वापरत आले. हेन्री फाउलर हे इंग्रजीच्या शब्दप्रयोगांबद्दल अतिशय काटेकोर गृहस्थ, पण त्यांनीही १९२६ मध्ये स्पष्ट लिहिले की या भेदाचा आज उपयोग नाही आणि त्याला इतिहासाचा आधारही नाही. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे उलटली तरी मार्गदर्शके तोच नियम एकमेकांवरून उतरवून घेत आहेत.

खरा फरक कोठे आहे? 'ईच अदर' बोलण्यात अधिक येतो, 'वन अनदर' थोडा भारदस्त, लेखी वळणाचा वाटतो. साधारण आपल्या 'एकमेक' आणि 'परस्पर' यांच्यात आहे तेवढेच हे अंतर. ही तुलना मात्र एका टोकापर्यंतच न्यावी, कारण मराठीत 'परस्पर' सुटा आला की त्याचा अर्थच पालटतो. 'भावाने जमीन परस्पर विकली' याचा अर्थ कोणाला न विचारता विकली असा होतो, आणि त्यात देवाणघेवाणीचा मागमूसही नसतो. 'परस्परांना', 'परस्परांशी' या रूपांतच तो 'एकमेक'चा भाऊ असतो.

माझे स्पष्ट मत असे की तिघांबद्दल 'ईच अदर' लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावा. त्याने चूक केलेलीच नाही.

सायंशाळा – उत्तर

अनुस्वार यांच्या माहितीबद्दल माझा आक्षेप नाही, परंतु शिक्षकाच्या जागेवरून मला थोडे वेगळे दिसते. मी अनेक वर्षे स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतो. तेथील वस्तुनिष्ठ प्रश्नांत दोन पर्याय समोर ठेवून हाच नियम विचारला जातो, आणि उत्तरतालिका बनवणाऱ्याला १९२६ मध्ये कोणी काय म्हटले याच्याशी कर्तव्य नसते. मुलाला नियम मुळीच सांगितला नाही, तर त्याचे नुकसान ठरलेले आहे. म्हणून मी असे करतो: नियम शिकवतो, पण 'परीक्षेत असे विचारतात' या शब्दांत शिकवतो, 'इंग्रजी असे आहे' या शब्दांत नाही. निबंधात किंवा पत्रात मात्र मी त्याबद्दल गुण कापत नाही.

अनुस्वार – प्रत्युत्तर

आपली अडचण मला मान्य आहे आणि आपण योजलेला शब्दप्रयोगही योग्य वाटतो. माझा आग्रह इतकाच की ज्या ठिकाणी प्रश्नपत्रिका आपण स्वतः काढतो, त्या ठिकाणी हा प्रश्न घालू नये. चाचणी शाळेचीच होती, म्हणजे ते बाईंच्या हातात होते.

भाषांतराचे टेबल – उत्तर

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतराचे काम करते, त्यामुळे हा शब्द मला उलट्या दिशेने भेटतो, आणि तिथून पाहिले की मराठीत किती वेगवेगळी खोली आहे ते दिसते.

पहिली गोष्ट म्हणजे लिंग. इंग्रजी 'ईच अदर' स्त्रिया आहेत की पुरुष हे सांगत नाही. मराठीत दोन मैत्रिणी 'एकमेकींना' पत्र लिहितात, 'एकमेकांना' नाही, निदान ज्यांचे कान तयार आहेत त्यांच्या मराठीत तरी. गेल्या वर्षी एका रुग्णालयीन कथेत 'द टू डॉक्टर्स लुक्ड ॲट ईच अदर' हे वाक्य आले आणि मला सहा पाने मागे जाऊन पाहावे लागले की त्या दोघी आहेत की दोघे. त्या दोघी निघाल्या. 'दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिले' असे लिहून मोकळे होता आले असते, पण मग वाचकाच्या डोळ्यांसमोर दोन पुरुष उभे राहिले असते. मी 'दोघी डॉक्टरांनी एकमेकींकडे पाहिले' असे लिहिले. विद्यार्थ्यांना हे सांगण्याचा फायदा असा की 'एकमेकींना' आणि 'एकमेकांना' या दोहोंसाठी इंग्रजीत एकच रूप आहे, हे कळल्यावर मुली निराळा शब्द शोधत बसत नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 'ईच अदर' म्हटले की प्रत्येक वेळी देवाणघेवाण असतेच असे नाही. पाच जणांनी 'ईच अदर'शी हस्तांदोलन केले, तर दहा हस्तांदोलने होतात आणि प्रत्येकाचा हात इतर चौघांच्या हातात जातो. ही पूर्ण परस्परता झाली. पण 'द प्लेट्स वेअर स्टॅक्ड ऑन टॉप ऑफ ईच अदर' याचा अर्थ काय? सर्वांत खालचे ताट कोणावरही नाही, सर्वांत वरच्या ताटावर कोणीही नाही, आणि एकच ताट दुसऱ्याच्या वरही आणि खालीही असणे शक्यच नाही. तरीही इंग्रजी तेच सर्वनाम वापरते. ऐकणारा परिस्थिती पाहतो आणि तिथे शक्य असेल तेवढीच परस्परता गृहीत धरतो.

मराठी येथे वेगळा मार्ग घेते आणि मला तो फार देखणा वाटतो. आपण ताटे 'एकावर एक' रचतो, माणसे 'एकामागून एक' आत येतात, गाड्या 'एकापाठोपाठ एक' सुटतात. जिथे क्रिया दोन्ही बाजूंनी जाते तिथे 'एकमेक', आणि जिथे ती साखळीसारखी एकाच दिशेने जाते तिथे 'एक… एक', असा भेद मराठीने मनात ठेवला आहे. 'ताटे एकमेकांवर ठेवली' असेही लोक म्हणतात, ते चूक नव्हे, पण 'एकावर एक' म्हटले की रास डोळ्यांना दिसते. इंग्रजीकडे जाताना मुलांनी 'एकामागून एक' यासाठी 'वन आफ्टर अनदर' घ्यावे. ते या सर्वनामाचेच जुने, न चिकटलेले रूप आहे, ज्यात अव्यय अजून मध्येच बसले आहे. वर जुनी वही यांनी दिलेल्या माहितीशी ते नीट जुळते.

तिसरा शब्द 'आपापले'. 'पाहुणे आपापल्या घरी गेले' आणि 'पाहुणे एकमेकांच्या घरी गेले' यांत केवढे अंतर आहे! पहिल्यासाठी इंग्रजीत 'दे वेंट टू देअर होम्स' म्हणतात आणि घर कोणाचे हे प्रसंगावर सोडतात. मुले 'आपापल्या'साठी 'ईच अदर्स' लिहितात आणि सगळ्या गावाची घरे बदलून टाकतात, म्हणून ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून द्यावी.

खडूफळा – प्रत्युत्तर

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. जुनी वही यांनी सांगितल्याप्रमाणे मी आज नववीच्या दोन्ही तुकड्यांच्या वह्या पुन्हा काढून पाहिल्या. ज्या ज्या वहीत 'ईच अदर' कर्त्याच्या जागी आला होता, त्या वहीतले वाक्य 'शुड'चे किंवा 'मस्ट'चे होते. एकाही मुलाने 'ईच अदर हेल्प' असे साधे वर्तमानकाळी वाक्य लिहिलेले नाही. आज शेवटच्या तासाला मी फळ्यावर 'एकमेक'च्या विभक्ती लिहिल्या आणि प्रथमेची जागा रिकामी सोडली. तिथे काय येईल असे विचारल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प राहिला, मग मागच्या बाकावरून कोणीतरी 'येतच नाही' असे म्हणाले. त्या मुलीला बाकीचे समजवावे लागले नाही. तिने स्वतःच 'मग वुई आणावा लागेल' असे सांगितले. त्या मुलाचा चाचणीतला गुणही मी वाढवून दिला आहे.

वह्यांत दुसऱ्या दोन प्रकारच्या चुका आढळल्या, त्याही विचारून घेते. एक, अव्ययांचा गोंधळ: 'ट्रस्ट ऑन ईच अदर', 'मॅरीड विथ ईच अदर', आणि उलट 'दे टॉक ईच अदर'. दुसरी, 'ईच अदर्स हेल्प इज इम्पॉर्टंट' असे एका मुलाने लिहिले आहे. यात 'ईच अदर' पूर्ण कर्ता नाही, षष्ठीत आहे, तरी वाक्य कानाला खटकते. त्याला काय सांगावे? शिवाय त्याने अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या नंतर दिली आहे.

जुनी वही – प्रत्युत्तर

रिकाम्या जागेची आपली युक्ती मी उचलणार आहे.

अव्ययांच्या बाबतीत दोष 'ईच अदर'चा नाही, क्रियापदाचा आहे, आणि मराठीचा 'वर' हा प्रत्यय तेथे सर्वांत जास्त दगा देतो. आपण एकमेकांवर प्रेम करतो, एकमेकांवर विश्वास ठेवतो, एकमेकांवर रागावतो आणि एकमेकांवर अवलंबून असतो. चारही ठिकाणी 'वर'. इंग्रजीत प्रेम आणि विश्वास यांना काहीच लागत नाही: 'लव्ह ईच अदर', 'ट्रस्ट ईच अदर'. रागावण्याला 'अँग्री विथ ईच अदर' लागते, आणि फक्त अवलंबून असण्याला 'डिपेंड ऑन ईच अदर' असा खरोखरचा 'ऑन' लागतो. पडताळा सोपा आहे. 'ईच अदर'च्या जागी 'हिम' ठेवून पाहावे. 'ट्रस्ट ऑन हिम' म्हणत नाहीत, तर 'ट्रस्ट ऑन ईच अदर'ही नाही. 'टॉक टू हिम' म्हणतात, तर 'टॉक टू ईच अदर'.

लग्न, भेट, भांडण, मिठी ही क्रियापदे अशी आहेत की त्यांत परस्परता आधीच भरलेली असते. 'दे मेट', 'दे क्वारल्ड', 'दे हग्ड' एवढ्यावर वाक्य पुरे होते. येथे मला पाणिनी आठवतो. क्रियेची अदलाबदल असेल तर आत्मनेपद (संस्कृत क्रियापदाच्या रूपांच्या दोन प्रकारांपैकी एक) वापरावे, असे 'कर्तरि कर्मव्यतिहारे' (१.३.१४) या सूत्रात त्याने सांगितले, आणि लगेच पुढे 'इतरेतरान्योन्योपपदाच्च' (१.३.१६) असे म्हणून 'इतरेतर' किंवा 'अन्योन्य' हे शब्द वाक्यात असतील तर आत्मनेपद नको असा अपवाद घातला. अदलाबदल एकदा शब्दाने सांगितली की क्रियापदाने ती पुन्हा सांगायला नको, हा विचार त्यामागे दिसतो. इंग्रजी इतकी काटेकोर नाही, 'दे मेट ईच अदर' हेही तिथे चालते. 'दे मॅरीड'च्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण 'रमेश अँड सुनीता मॅरीड इन मे' एवढेच लिहिले तर दोघांनी एकमेकांशी लग्न केले की दोघांची दोन वेगळी लग्ने मे महिन्यात झाली, हे शब्दांवरून ठरत नाही. तिथे 'ईच अदर' घातल्याने खरोखर काही स्पष्ट होते, आणि 'विथ' लागतच नाही.

आता शेवटचे वाक्य. 'ईच अदर्स हेल्प इज इम्पॉर्टंट' का खटकते? कारण वाक्यात कोणी माणसेच नाहीत. 'ईच'ने ज्यांच्याकडे बोट दाखवायचे, ते 'वुई' किंवा 'दे' कोठेही आलेले नाहीत. मराठीत 'एकमेकांची मदत महत्त्वाची असते' हे चालते, कारण मराठी अध्याहृत 'आपली' मनाशी धरून चालते. त्या मुलाला असे वाक्य द्यावे: 'हेल्पिंग ईच अदर इज इम्पॉर्टंट.' वरवर पाहता यातही माणसे नाहीत, पण 'हेल्पिंग' ही क्रिया आहे, क्रियेला करणारा असतोच, आणि 'ईच' त्या न बोललेल्या करणाऱ्याकडे बोट दाखवतो. 'हेल्प' नाम म्हणून आले की तो करणारा हरवतो. हा फरक मुलांना एका तासात पचणार नाही, दोन-तीन वेळा निरनिराळ्या वाक्यांतून दाखवावा लागेल. याच्या उलट, 'वुई नीड ईच अदर्स हेल्प' हे निर्दोष आहे, कारण 'वुई' समोर आहे.

अपॉस्ट्रॉफी नेहमी 'एस'च्या आधी द्यावी. माणसे कितीही असली तरी 'अदर' येथे एकवचनीच आहे: प्रत्येकाच्या दृष्टीने दुसरा एक. 'ईच अदर्स' असे साधे अनेकवचन या सर्वनामाला नाही. त्याच्या पुढचे नाम मात्र बहुधा अनेकवचनी येते, 'दे व्हिजिटेड ईच अदर्स हाउसेस', आणि 'हाउस' लिहिले तरी कोणी चूक म्हणत नाही, तेव्हा तिथे लाल रेघ मारू नये.

सायंशाळा – उत्तर

एक लहानशी भर. 'एव्हरीवन इन द व्हिलेज नोज ईच अदर' असे वाक्य मुले लिहितात आणि मीही पूर्वी ते खोडत असे, कारण 'एव्हरीवन' एकवचनी आहे. पण हे वाक्य इंग्रजी मातृभाषा असलेले लोक सर्रास बोलतात आणि लिहितातही. बाईंनी ते खोडू नये. फार औपचारिक लेखन असेल, तर 'दी पीपल ऑफ द व्हिलेज ऑल नो वन अनदर' असे सुचवावे. माझ्या वर्गात मी दोन्ही वाक्ये लिहितो, पहिल्यापुढे 'बोलताना' आणि दुसऱ्यापुढे 'अर्जात' असे लिहून ठेवतो.